वाचकांचे प्रश्न: हायब्रिड क्रॉसओव्हर, क्ले मॉडेलपासून रस्त्यापर्यंत

मागच्या अंकात टोयोटाच्या सी-एचआर या हायब्रिड क्रॉसओव्हरच्या (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या, साध्या कारपेक्षा उंच गाडीच्या) घडणीवर एक छोटं टिपण दिलं होतं. ही गाडी भारतात विक्रीला आली नाही, तरीही तिच्याबद्दल भरपूर पत्रं आली. काही विद्यार्थ्यांची, काही कारखान्यांत काम करणाऱ्यांची, तर एक थेट इंग्लंडहून. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रदर्शनात एक गाडी दाखवतात आणि शोरूममध्ये दुसरीच येते. मग कन्सेप्ट गाडीचा उपयोग काय? सी-एचआरमधलं नेमकं काय टिकलं आणि काय गळलं? (नाशिक)

सी-एचआर हे याचं चांगलं उदाहरण आहे, कारण तिचे टप्पे सगळ्यांसमोर घडले. ऑक्टोबर २०१४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात पहिली कन्सेप्ट आली. तिला मागची दारं नव्हती. सप्टेंबर २०१५ मध्ये फ्रँकफर्टला दुसरी आली, मागच्या दारांसकट आणि काळ्या छताची. मार्च २०१६ मध्ये जिनिव्हाला विक्रीची गाडी दाखवली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तुर्कस्तानातल्या साकार्या इथल्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

या तारखांमध्येच उत्तर आहे. पत्र्याचे डाय (पत्रा दाबून आकार देणारे साचे) बनवणं, ते सुधारणं, धडकेच्या चाचण्या आणि रस्त्यावरच्या चाचण्या याला साधारण दोन वर्षं जातात. म्हणजे फ्रँकफर्टची गाडी लोकांसमोर आली तेव्हा विक्रीच्या गाडीचा पत्रा जवळजवळ ठरलेला होता. अशा वेळी कन्सेप्ट म्हणजे नुसती कल्पना राहत नाही. ठरलेल्या गाडीलाच थोडं नटवून लोकांना दाखवलेलं असतं.

टिकलं ते प्रमाण. छताचा सर्वांत उंच बिंदू पुढच्या सीटवर आणि तिथून मागे घसरत जाणारी रेघ, मागच्या चाकावरचा फुगवटा, वरची जाळी बारीक आणि खालची मोठी, अंगाबाहेर आलेले मागचे दिवे, हे सगळं शोरूमपर्यंत पोचलं. गळली ती चाकांची वाढीव मापं, अंगाला चिकटलेले आरसे आणि दारांमधल्या केसाएवढ्या फटी.

टिकण्याचं कारण असं की ही प्रमाणं ठरलेल्या बिंदूंवर उभी होती. चाकांचे केंद्र, पुढच्या काचेचा तळ, चालकाच्या कमरेचा सांधा जिथे येतो तो बिंदू आणि बॅटरीची जागा, हे चार आधी पक्के झाले की रेघ कुठून कुठे जाईल याला हद्द पडते. हद्दीत राहून काढलेली रेघ टिकते, हद्द विसरून काढलेली पहिल्याच अभियांत्रिकी बैठकीत कापली जाते.

मागच्या दाराच्या हँडलचा मात्र वेगळा विचार करायला हवा. दुसऱ्या कन्सेप्टमध्ये ते काचेमागच्या कोपऱ्यात, छत पेलणाऱ्या खांबाजवळ उंचावर लपवलं होतं. गाडी दोन दारांची वाटावी हा हेतू. विक्रीच्या गाडीतही ते तसंच आलं. लहान मुलाचा हात तिथे पोचत नाही, हातात सामान असलेल्या माणसाला खांद्याच्या वर हात न्यावा लागतो आणि दार वरून ओढल्यामुळे झटका बसतो. २०२३ च्या दुसऱ्या पिढीत हँडल दारावर, नेहमीच्या उंचीला आलं. आमच्या मते छताच्या उतारासाठी मोजलेली किंमत पटते, या हँडलसाठी मोजलेली पटत नाही.

मी डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हायब्रिड क्रॉसओव्हरचं १:१० मापाचं क्ले मॉडेल करायचं आहे. क्ले किती घ्यावी, सुरुवात कुठून करावी, आणि तडे का जातात? (पुणे)

आधी आकडे. सी-एचआर लांबीला ४३६० मिमी, रुंदीला १७९५, उंचीला सुमारे १५६०, आणि दोन्ही चाकांच्या केंद्रांमधलं अंतर २६४०. एक दशांश केल्यावर ४३६, १७९.५, १५६ आणि २६४ मिमी. तुमचं डिझाइन वेगळं असलं तरी पहिल्या मॉडेलसाठी अशा खऱ्या गाडीची मापं उसनी घ्या, म्हणजे प्रमाण चुकलं तर लगेच कळतं.

या मापाच्या मॉडेलचं बाहेरचं क्षेत्रफळ ढोबळपणे ०.२३ चौरस मीटर भरतं. त्यावर सरासरी १२ मिमीचा थर म्हणजे पावणेतीन लिटर. गंधक असलेली इंडस्ट्रियल क्ले (गरम केली की मऊ होणारी, मॉडेल घडवायची माती) लिटरला दीड किलोच्या आसपास भरते, म्हणजे चार किलो. खरवडून निघालेली क्ले पुन्हा वापरता येते, तरी पाच किलो आणा. शेवटच्या आठवड्यात वेगळ्या खेपेची क्ले मिसळली की रंग आणि कडकपणा दोन्ही बदलतात.

पाया १९ मिमी प्लायचा, ६०० बाय ३०० मिमी. त्यावर मधली रेघ आणि १० मिमीच्या चौकटी पक्क्या शाईने आखा. खऱ्या गाडीच्या कामात १०० मिमीची चौकट धरतात, ती इथे १० मिमी होते. चाकांच्या केंद्रांवर खुणा करा आणि चाकं आधी बनवा, लाकडाची किंवा प्रिंट केलेली. चाकं जागेवर नसताना घडवलेलं मॉडेल हमखास जाड होतं, कारण डोळ्याला तुलना करायला काही नसतं.

गाभा पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा घ्या. थर्माकोल चालतो, पण त्याचे थर चिकटवताना सॉल्व्हंट असलेला गोंद वापरलात तर तो थर्माकोल खाऊन टाकतो. पाण्यावरचा पांढरा गोंद लावा आणि किमान एक पूर्ण दिवस वाळू द्या, आतला भाग उशिरा वाळतो. गाभा अंतिम आकारापेक्षा सगळीकडून १० ते १२ मिमी लहान हवा. सर्वांत जास्त चूक इथेच होते: बॉनेटच्या कडेला आणि मागच्या खांबापाशी फोम जास्त राहतो, आणि आठ दिवसांच्या कामानंतर खरवडणीखालून तो डोकावतो. मग सगळी रेघ बाहेर ढकलावी लागते. म्हणून छेदांचे (गाडी कापल्यावर दिसतील त्या आकारांचे) साचे आधीच कापा आणि फोमवर लावून जागा मोजा.

क्ले ५५ ते ६० अंश सेल्सिअसला गरम करायची. थर्मोस्टॅट असलेला छोटा ओव्हन यासाठी वेगळा ठेवा, त्यात पुन्हा अन्न शिजवू नका. मायक्रोवेव्ह नको, त्यात मधला भाग वितळतो आणि कडा थंड राहते. पहिला थर दोन-तीन मिमीचाच, अंगठ्याने फोमच्या छिद्रांत रगडून भरा. हा थर पक्का बसला नाही तर वरचं सगळं पापुद्र्यासारखं निघतं. पुढचे थर आधीचा कोमट असतानाच चढवा. रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी खरवडायला घ्या.

तडे जाण्याची कारणं बहुधा तीन. क्ले जास्त तापवली, मग ती थंड होताना आकसते आणि पातळ कडेला चिरते. थंड थरावर गरम थर लावला, मग दोघांत सांधा राहतो. किंवा थर ठोकून बसवला, दाबून नाही, आणि आत हवा अडकली. तडा वरून बुजवू नका. व्ही आकारात आतपर्यंत कोरा, केस वाळवायच्या ड्रायरने कडा गरम करा आणि ताजी क्ले रगडा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पुण्यातही क्ले इतकी मऊ पडते की कडा धरत नाही. कडांचं काम सकाळी उरका.

खरवडताना दात्यांच्या पट्टीने तिरपे हात मारा, आधी एका दिशेने, मग त्याला छेद देत. सपाट पट्टी नंतर. अर्धी गाडी पूर्ण करा, ती मनासारखी झाली की साच्यांनी दुसऱ्या बाजूला उतरवा. दोन्ही बाजू एकदम घडवायला गेलात तर दोन वेगळ्या गाड्या तयार होतात.

पृष्ठभाग तपासायला पातळ, ताणला जाणारा चकचकीत व्हाइनिल कोमट पाण्याने चिकटवा आणि वर गाडीच्या लांबीत एक ट्यूबलाइट लावा. ट्यूबचं प्रतिबिंब पुढच्या मडगार्डवरून मागच्या फुगवट्यापर्यंत न तुटता वाहायला हवं. जिथे ते मोडतं तिथे पृष्ठभाग मोडलेला आहे, बोटाला जाणवो वा न जाणवो.

मॉडेलवरून सिलिकॉनचा साचा काढायचा असेल तर क्ले गंधकविरहित घ्या. प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन गंधकाला लागलं की त्या जागी चिकटच राहतं आणि मॉडेल आणि साचा दोन्ही वाया जातात. प्लास्टर ऑफ पॅरिसला ही अडचण नाही.

मी प्रेस शॉपमध्ये डायवर काम करतो. सी-एचआरच्या मागच्या फुगवट्यासारखी धारदार रेघ पत्र्यात काढणं आम्हाला अवघड जातं. कन्सेप्टमध्ये ती सहज कशी दिसते? (भोसरी)

सहज दिसते कारण तिथे पत्राच नसतो. कन्सेप्टचं अंग बहुतेकदा कठीण फोमवर मशीनने कोरलेलं किंवा काचतंतूंच्या साच्यातून काढलेलं असतं. कडेची त्रिज्या एक मिलिमीटर ठेवली तरी कोणी अडवत नाही.

०.७ मिमीच्या आसपासचा पत्रा तसा वागत नाही हे तुम्ही रोज पाहता. पण धारदार रेघेत चिरण्यापेक्षा त्रासदायक गोष्ट दुसरीच असते: घसरखूण. पंचची (पत्र्यात घुसून त्याला आकार देणाऱ्या भागाची) धार पत्र्याला आधी टेकते, मग एका बाजूने माल जास्त ओढला जातो आणि रेघ आपल्या जागेवरून दोन-चार मिलिमीटर सरकते. पत्रा फाटत नाही, माप बरोबर येतं, पण रंग चढल्यावर मुख्य रेघेच्या शेजारी एक फिकट सावली दिसते. उपाय डायच्या आखणीतच करावा लागतो. पत्रा अशा कोनात बसवायचा की धारेच्या दोन्ही बाजूंनी ओढ सारखी राहील, आणि ड्रॉ बीडने (पत्र्याची ओढ अडवणाऱ्या डायच्या कडेच्या उंचवट्याने) ज्या बाजूने माल पळतो ती बाजू रोखायची. तरीही सरकत असेल तर डिझायनरकडे त्रिज्या वाढवून मागा. धारेच्या एका बाजूचा पृष्ठभाग किंचित खोलगट केला तर त्रिज्या वाढूनही सावली कडक पडते आणि रेघ धारदारच दिसते. ही तडजोड दोन्ही बाजूंना परवडते.

क्रॉसओव्हरच्या मागच्या फुगवट्यात आणखी एक अडचण आहे. वर केबिन अरुंद होत जाते आणि खाली चाकासाठी अंग बाहेर येतं, म्हणजे एकाच पत्र्यात ओढ खोल होते. शिवाय ती रेघ मागच्या दारावरून मडगार्डवर जाते. दार वेगळ्या डायमधून येतं, अंग वेगळ्यातून, आणि दोघांचं स्प्रिंगबॅक (दाब सुटल्यावर पत्र्याचं किंचित परत उसळणं) वेगळं. रेघ फटीवरून ओलांडताना अर्धा मिलिमीटर वरखाली झाली तरी रस्त्याच्या पलीकडून दिसते. म्हणून रेघ फटीला काटकोनाच्या जवळपास छेदेल असं बघा. तिरपी छेदली की दाराच्या किंचित सरकण्यानेही फरक वाढतो.

आणि सपाट दारं. कन्सेप्टमध्ये सुंदर दिसतात, पत्र्यात टपटपतात: बोटाने दाबलं की आत, सोडलं की टक्कन बाहेर. पत्र्याला थोडा तरी फुगवटा द्यावाच लागतो.

तुमच्या प्रश्नाला जोडून एक निरीक्षण. सी-एचआरचे सगळ्यांत धीट आकार बघा कुठे आहेत: मागचे दिवे, छतामागचा स्पॉयलर, बंपर, चाकांभोवतीच्या काळ्या पट्ट्या. सगळे प्लॅस्टिकचे. पत्रा जिथे नकार देतो तिथे मोल्डिंग हो म्हणतं, आणि जाणकार डिझायनर आपला हट्ट तिकडे वळवतो.

कन्सेप्ट गाड्यांची चाकं इतकी मोठी का असतात? माझ्या क्रॉसओव्हरला २१५/६० आर१७ टायर आहेत. १९ इंची रिम बसवली तर चालेल का? (सातारा)

आधी चित्राचा भाग. क्रॉसओव्हर उंच असते, म्हणून बाजूने पत्र्याची भिंत दिसते. चाक मोठं केलं की भिंत लहान वाटते. टायरवरच्या आकड्यांत पहिला रुंदी मिमीत, दुसरा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत सांगतो. त्या हिशोबाने तुमच्या टायरचा व्यास ६९० मिमी आहे. चाकांच्या केंद्रांमधलं अंतर २६४० मिमी असलेल्या गाडीत दोन टायरांच्या मधल्या मोकळ्या जागेत असे २.८३ टायर बसतात. प्रदर्शनाच्या गाडीला २४५/४० आर२१ लावला तर व्यास ७२९ होतो आणि मधे २.६२ टायर बसतात. कागदावर फरक किरकोळ वाटतो, डोळ्याला गाडी ताठ आणि दणकट दिसते.

प्रदर्शनाच्या गाडीला सस्पेन्शन धड हलवायचं नसतं, स्टिअरिंग पूर्ण वळवायचं नसतं. रस्त्यावरच्या गाडीत चाक खड्ड्यातून आठ-दहा सेंटीमीटर वर येतं, वळलेलं असतानाही येतं, वर चिखल साचलेला असतो. ती जागा ठेवली की कमान आणि टायर यांच्यात मोठी फट दिसते. कमानीभोवतीची काळी पट्टी ती फट गिळते, कारण डोळा काळं काळ्यात मिसळून चाक मोठं समजतो. खडीचा मारही तीच खाते.

आता तुमची रिम. २३५/४५ आर१९ चा व्यास ६९४ मिमी, म्हणजे वेगदर्शक काट्यात अर्ध्या टक्क्याचा फरक. तो प्रश्न नाही. प्रश्न टायरच्या भिंतीचा आहे. आज ती १२९ मिमी आहे, ती १०६ होईल. घाटातल्या खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामधली उशी २३ मिमीने कमी झाली. मग टायरच्या भिंतीला फुगवटा येणं, अलॉयला केसासारखी चीर जाऊन हवा हळूहळू उतरणं, हे सुरू होतं. जड चाक फिरवायला इंधनही जास्त लागतं, आणि हायब्रिड गाडी थांबत-निघत शहरात जी बचत करते ती याच ठिकाणी झिरपते. रिमचा ऑफसेट (रिमची मधली रेघ आणि ती जिथे बोल्टने बसते ती जागा यांतलं अंतर) चुकला तर पूर्ण वळणावर टायर आतल्या अस्तराला घासतो.

तुमच्या गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने १८ इंची दिली असेल तर तेवढंच घ्या, त्याच ऑफसेटची, आणि टायर त्याच भारांकाचे (किती वजन पेलतात त्या आकड्याचे). १९ आम्ही सुचवणार नाही.

हायब्रिडची बॅटरी डिकीत असावी की सीटखाली? आणि मागच्या सीटशेजारची जाळी कशासाठी असते? (ठाणे)

सीटखाली, शक्य असेल तर. पहिल्या सी-एचआरमध्ये निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी मागच्या सीटखाली होती, म्हणून हायब्रिड आणि साध्या पेट्रोल गाडीच्या डिकीत फरक पडला नाही, दोन्हींत ३७७ लिटर. वजन खाली आणि दोन्ही चाकांच्या मधे राहतं, वळणावर अंग कमी झुकतं. पण त्यासाठी तळाची आखणी करतानाच बॅटरीची जागा ठरवावी लागते, पेट्रोलची टाकी सरकवावी लागते, सीटची उंची त्यानुसार धरावी लागते.

आपल्याकडची तुलना जवळच आहे. अर्बन क्रूझर हायरायडर आणि ग्रँड विटारा या गाड्या सुझुकीच्या तळावर आहेत. त्यांच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये (जी थोडा वेळ नुसत्या विजेवरही चालते) बॅटरी डिकीच्या तळाशी येते आणि डिकी सुमारे ३७३ लिटरवरून २६५ वर उतरते. मोठी बॅग उभी ठेवायची की आडवी, इतका तो फरक आहे. गाडी घेण्याआधी घरातल्या बॅगा घेऊन शोरूममध्ये जा आणि ठेवून बघा.

जाळीचं असं: हवेवर थंड होणाऱ्या बॅटरीला केबिनमधली हवा पंख्याने खेचावी लागते. त्या जाळीसमोर पिशवी, शाल, सीट कव्हरचा झोळ आला की पंखा आवाज करू लागतो, बॅटरी तापते, आणि संगणक तिच्याकडून घेतली जाणारी ताकद कमी करतो. गाडी मंदावल्यासारखी वाटते, इंजिन जास्त वेळ चालतं, मायलेज घसरतं. जाळीमागे बारीक फिल्टर असतो. धूळ, कापसाचे तंतू, पाळीव कुत्र्याचे केस यांनी तो भरतो. प्रत्येक सर्व्हिसिंगला तो काढून दाखवायला सांगा. घरी जाळीवरून व्हॅक्यूम फिरवा, पाणी किंवा फवारा अजिबात नको. तुमच्या गाडीत जाळी कुठे आहे ते पुस्तिकेत चित्रासह दिलेलं असतं. आणि नारिंगी रंगाच्या वायरींना हात लावू नका, त्यात उच्च दाबाचा प्रवाह असतो.

विजेवरही चालते, मग हायब्रिडला पुढे एवढी जाळी कशाला? (अकोला)

कारण थंड करायच्या गोष्टी कमी होत नाहीत, वाढतात. इंजिनाचा रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, आणि शिवाय मोटरची वीज हाताळणाऱ्या इन्व्हर्टरचं वेगळं पाणी. अकोल्याच्या मे महिन्यात तिन्ही एकदम तापतात. सी-एचआरसारख्या गाड्यांत हवेचं मुख्य तोंड खाली, बंपरमध्ये असतं. वरची बारीक पट्टी बव्हंशी चेहऱ्यासाठी. बॉनेट मात्र फार खाली आणता येत नाही: पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर पत्रा आत दबायला हवा, म्हणून पत्रा आणि इंजिनाच्या कठीण भागांमध्ये सात-आठ सेंटीमीटर जागा ठेवतात. आपल्याकडे यासाठी एआयएस-१०० हे मानक आहे.

जुनी सी-एचआर हायब्रिड घेण्याचा विचार आहे. मागे दोन मुलं बसणार. मागची सीट फार अंधारी आहे असं ऐकतो. काय तपासावं? (लेस्टर, इंग्लंड)

ऐकलंय ते खरं आहे. काचेची खालची कड मागे चढत जाते, छत उतरत येतं, आणि मागच्या खिडकीची जागा खांबाला जाते. मोठ्या माणसाचं डोकं बसतं, पण लहान मुलाचा डोळा काचेच्या कडेखाली राहतो. बाहेरचं क्षितिज दिसलं नाही की मुलांना गाडी लागते. म्हणून मुलांना त्यांच्या बालसीटसह नेऊन बसवा आणि अर्धा तास चालवून बघा. पाच वर्षांवरच्या मुलाला उंच बूस्टर दिला तर बराच फरक पडतो. बालसीट बसवताना आयसोफिक्सच्या (ती गाडीला अडकवायच्या) कड्या अंधारात चाचपडाव्या लागतील, मोबाइलचा टॉर्च जवळ ठेवा.

गाडीत तपासायचं ते असं. बॅटरीच्या हवेची जाळी आणि फिल्टर, वर सांगितल्याप्रमाणे. हायब्रिड यंत्रणेच्या वार्षिक तपासणीचे कागद. १२ व्होल्टची छोटी बॅटरी: हायब्रिड गाडी तिच्यावरच जागी होते, आणि गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की ती उतरते. मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, याचं कारण बहुतेकदा हेच. आठवड्यातून एकदा तासभर गाडी ‘रेडी’ स्थितीत ठेवा, नुसते दिवे लावून नाही. ब्रेकच्या तबकड्यांवर गंज आहे का पाहा. वेग कमी करताना मोटरच वीज बनवत गाडी रोखते, त्यामुळे ब्रेक कमी घासले जातात आणि ओल्या हवेत तबकड्या गंजतात. मागच्या खांबामुळे उलट जाताना तिरपं दिसत नाही, म्हणून कॅमेरा आणि सेन्सर दोन्ही चालू आहेत याची खात्री करून मगच व्यवहार करा.

अशी घसरत्या छताची हायब्रिड क्रॉसओव्हर चार मीटरच्या आत का करत नाहीत? मी प्रकल्पासाठी आराखडा करतो आहे. (छत्रपती संभाजीनगर)

कराचं गणित तुम्हाला माहीत असेलच: २२ सप्टेंबर २०२५ पासून ४००० मिमीपर्यंत लांबी आणि १२०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या पेट्रोल हायब्रिडला १८ टक्के जीएसटी, त्यापुढे ४० टक्के. दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. नुसती लांबी कापून दीड लिटरचं इंजिन ठेवलं तर उपयोग नाही.

आता सी-एचआर कापून बघा. ४३६० वरून ३९९५ वर यायचं म्हणजे ३६५ मिमी काढायचे. चाकांमधलं अंतर २६४० वरून २५०० केलं, १४० गेले. ते मागच्या माणसाच्या गुडघ्यांपुढून गेले. उरलेले २२५ चाकांच्या पुढून आणि मागून काढायचे. पुढे रेडिएटर, धडक सोसणाऱ्या तुळया आणि बंपर आहेत. इंजिन आडवं बसत असल्यामुळे तीन सिलिंडरचं घेतल्याने रुंदीत जागा मिळते, लांबीत फारशी नाही. म्हणून पुढून ७०-८० निघाले तरी खूप. बाकी सगळं डिकीतून.

त्याहून अवघड प्रमाण आहे. ४३६० भागिले १५६० म्हणजे २.७९. ३९९५ लांबीत हेच प्रमाण ठेवायचं तर उंची १४३० मिमी हवी. ती हॅचबॅकची उंची झाली, क्रॉसओव्हरची नाही. उंची १५६० ठेवली तर प्रमाण २.५६ वर येतं आणि छत मागे उतरवायला लांबीच उरत नाही. उतरवलंच तर ते मागच्या प्रवाशाच्या डोक्यावर उतरतं.

म्हणून आराखड्यात छत खरोखर उतरवू नका, उतरल्यासारखं दाखवा. पत्र्याचं छत जवळजवळ सरळ ठेवा. काचेची वरची कड मागे खाली आणा, मागचा खांब काळा करा आणि छतामागे १००-१२० मिमीचा स्पॉयलर काढा. डोळा काचेची कड वाचतो, छताची नाही. स्पॉयलरची मागची कड मात्र टोकदार ठेवा. गोल केली तर हवा कधी इथून तर कधी तिथून सुटते आणि मागची काच धुळीने भरते.

बॅटरी सीटखाली न्या. टाकीसाठी तिथे ३५ लिटरच्या आसपास जागा उरेल असं धरा. लिटरला २० किलोमीटर मिळाले तरी ती ७०० किलोमीटर जाते, म्हणजे मोठ्या टाकीसाठी डिकी खाण्याची गरज नाही. कमरेचा बिंदू जमिनीपासून ६०० ते ६५० मिमी ठेवा. त्याखाली बॅटरीचा डबा, त्याचा पंखा आणि सीटचा सांगाडा बसतो का, हे १:५ च्या छेदात तपासा. मागच्या सीटचा फोम ८० मिमीच्या खाली गेला असेल तर बॅटरीचा डबा उंच झाला आहे, तो रुंद आणि बसका करून पुन्हा मांडा.